आकाशातली मालवाहतूक

मंडळी, बंदरावर वादळाचा बावटा चढला, की शहाणा तांडेल होडी पाण्यात लोटत नाही. आपले वाडवडील आकाशाचा रंग पाहत, वाऱ्याची दिशा पाहत, समुद्राची गाज ऐकत. त्यावरून ते हवेचा अंदाज बांधत. तो पुष्कळदा बरोबर येई. कधी कधी चुके. आणि चुकला, म्हणजे एखाद्या घरचा कर्ता माणूस परत येत नसे.

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान नावाचे वादळ आपल्या किनाऱ्यावर आले. कोकणातले किती तरी मच्छीमार तेव्हा समुद्रात सापडले. काही घरी परतलेच नाहीत. त्यानंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे वादळ कोकणच्या किनाऱ्यावर चढले. आपल्या जिल्ह्यात दापोली आणि मंडणगड तालुक्यांत घरांची छपरे उडाली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नुकसान फार मोठे झाले. पण वादळ येणार, हे या वेळी काही दिवस आधीच कळले होते. माणसांना सुरक्षित जागी हलवता आले, होड्या बंदरात आणता आल्या.

हे आधी कळले कसे? हवामान खात्याने सांगितले म्हणून. खात्याला कळण्याची साधने अनेक आहेत. त्यांतले एक मोठे साधन म्हणजे आकाशातले उपग्रह. निसर्ग वादळाच्या वेळी आपले दोन उपग्रह ढगांवर नजर ठेवून होते. एकाचे नाव इन्सॅट-३डी, दुसऱ्याचे इन्सॅट-३डीआर.

आता यातली गंमत ऐका. दोन्ही उपग्रह आपलेच. पण पहिला वर गेला तो परक्यांच्या अग्निबाणातून, भाडे देऊन. दुसरा गेला आपल्या स्वतःच्या अग्निबाणातून. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आपला अग्निबाण असताना परक्याला भाडं कशाला द्यायचं? आणि परके आपल्याला कधी भाडं देतात की नाही?" प्रश्न रास्त आहे. आज आपण त्याचेच उत्तर पाहू.

उपग्रह वर राहतो कसा?

शेतात पाखरे हाकलताना आपण गोफण फिरवतो. दगड गरगर फिरतो, पण दोरी त्याला सोडत नाही. उपग्रहाचे असेच आहे. पृथ्वीची ओढ ही त्याची दोरी. वेग पुरेसा असला, तर तो खाली पडत नाही आणि निघूनही जात नाही. तो पृथ्वीभोवती फिरत राहतो.

पण वेग किती हवा? पाचशे-सहाशे किलोमीटर उंचीवर फिरायचे, तर एका सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर! रत्नागिरीहून मुंबईला जायला एस. टी.ला सारी रात्र लागते. एवढ्या वेगाने ते अंतर एका मिनिटाच्या आत संपेल.

हवामानाचे इन्सॅट उपग्रह याहून फार वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तेथे एका फेरीला एक दिवस लागतो. पृथ्वीही एका दिवसात स्वतःभोवती एकदा फिरते. त्यामुळे असा उपग्रह आपल्या डोक्यावर एकाच जागी थांबल्यासारखा राहतो. म्हणूनच तो अरबी समुद्रावरचे ढग रात्रंदिवस पाहू शकतो.

भाडे महाग का?

दिवाळीत आपण बाण उडवतो. दारूचा धूर खाली जोराने सुटतो आणि बाण वर जातो. अग्निबाणाचे तत्त्व तेच, आकार मात्र प्रचंड. आपल्या पी. एस. एल. व्ही. या अग्निबाणाची उंची सुमारे ४४ मीटर आहे. उडताना त्याचे वजन सुमारे ३२० टन असते. आणि एवढा गाडा उचलून, ६०० किलोमीटर उंचीवर माल पोचतो तो फक्त पावणेदोन टन! बाकी सारे वजन इंधनाचे आणि सांगाड्याचे. इंधन संपेल तसे सांगाड्याचे रिकामे भाग गळून पडतात.

आता विचार करा. आंब्याच्या पेट्या घेऊन टेम्पो वाशीच्या बाजारात गेला, आणि माल उतरवल्यावर टेम्पोच दरीत ढकलून दिला, तर पेटीमागे भाडे किती पडेल? बहुतेक अग्निबाणांचे आजवर असेच होत आले आहे. एक फेरी, आणि गाडी संपली. भाडे महाग आहे ते यामुळे.

अग्निबाण कोठून सोडायचा, हेही महत्त्वाचे असते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पूर्वेकडे उडवले, तर तिच्या फिरण्याचा फुकटचा रेटा मिळतो. विषुववृत्ताजवळ हा रेटा सर्वांत जास्त. शिवाय गळून पडणारे भाग वस्तीवर पडता कामा नयेत. म्हणून पूर्वेला समुद्र हवा. आपल्या रत्नागिरीला समुद्र पश्चिमेला आहे. येथून पूर्वेकडे उडवले, तर खाली सारा देश येईल. म्हणून आपला तळ पूर्व किनाऱ्यावर, आंध्र प्रदेशातल्या श्रीहरिकोटा बेटावर आहे. युरोपच्या देशांचा तळ तर युरोपात नाहीच. तो दक्षिण अमेरिकेत, फ्रेंच गयाना या मुलखात कुरू येथे आहे. ते ठिकाण विषुववृत्ताला अगदी जवळ आहे.

आपण भाडेकरू होतो

आपल्या कामाची सुरुवात कोळी बांधवांच्या गावातच झाली, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? केरळात थुंबा नावाचे मासेमारीचे गाव आहे. डॉ. विक्रम साराभाई यांनी ते निवडले. गावकऱ्यांनी जागा दिली, आपले देऊळ—म्हणजे ख्रिस्ती लोकांचे चर्च—तेही दिले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला लहान अग्निबाण उडाला. अग्निबाण अमेरिकेचा होता आणि त्यातले उपकरण फ्रान्सचे होते. आपली होती ती जागा आणि शिकण्याची हौस.

आपला पहिला उपग्रह आर्यभट. तो १९ एप्रिल १९७५ रोजी रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाच्या, अग्निबाणातून वर गेला. १९८१ साली 'ॲपल' नावाचा उपग्रह युरोपच्या एरियान अग्निबाणातून गेला. मधल्या काळात आपण आपला गाडा तयार करत होतो. १८ जुलै १९८० रोजी आपल्या अग्निबाणाने रोहिणी हा छोटा उपग्रह वर नेऊन सोडला. तेव्हा आपल्या दारात स्वतःची पहिली गाडी उभी राहिली. लहान होती, पण आपली होती.

या कामात मराठी हातही पुष्कळ लागले आहेत. डॉ. वसंत गोवारीकर यांचा जन्म १९३३ साली पुण्यात झाला. इंग्लंडातले काम सोडून ते थुंब्याला आले. अग्निबाणाला लागणारे घन इंधन देशातच तयार करण्याच्या कामाला त्यांनी वाहून घेतले. पुढे ते तेथल्या केंद्राचे प्रमुख झाले. मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याची जी पद्धत १९८८ साली सुरू झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणांची मोठी पोलादी नळकांडी तयार झाली. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात अग्निबाणांची इंजिने तयार होतात. श्रीहरिकोट्याला उडणाऱ्या बाणात आपल्या कामगारांचा घाम आहे, तो असा.

आपण भाडे घेऊ लागलो

आंब्याच्या हंगामात एखादा बागायतदार टेम्पो ठरवतो. त्याच्या पेट्या भरून थोडी जागा उरते. मग शेजारी म्हणतो, "माझ्या दहा पेट्या घ्या, भाड्यात वाटा देतो." दोघांचेही भागते. आकाशातही हीच रीत आहे.

२६ मे १९९९ रोजी आपल्या पी. एस. एल. व्ही. अग्निबाणाने ओशनसॅट नावाचा आपला उपग्रह नेला. हा समुद्राकडे पाहणारा उपग्रह. पाण्याच्या रंगावरून सूक्ष्म शेवाळ कोठे आहे ते असे उपग्रह टिपतात. जेथे शेवाळ, तेथे मासळी येण्याचा संभव जास्त. याच माहितीच्या आधाराने हैदराबादची सरकारी संस्था मच्छीमारांना सल्ला देते. तर त्या फेरीत गाडीत जागा होती. म्हणून दक्षिण कोरियाचा एक आणि जर्मनीचा एक, असे दोन लहान उपग्रह बरोबर नेले. भाडे घेऊन परक्यांचा माल नेण्याचा आपला धंदा तेथून सुरू झाला.

२००७ साली इटलीच्या उपग्रहासाठी आपण जवळजवळ सबंध गाडीच भाड्याने दिली. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी तर एका फेरीत १०४ उपग्रह नेले. त्यांतले १०१ परदेशांचे होते, आणि त्यांतही ९६ एकट्या अमेरिकेचे! पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह तयार केला. वजन एक किलोच्या आतले. २२ जून २०१६ रोजी तोही अशाच फेरीत गेला. त्या गाडीत एकूण २० उपग्रह होते. कॉलेजातल्या मुलांच्या उपग्रहाशेजारी अमेरिका, जर्मनी, कॅनडा आणि इंडोनेशिया यांचे उपग्रह बसले होते! आजपर्यंत आपण चारशेहून अधिक परदेशी उपग्रह वर सोडले आहेत.

चढाओढ

भाड्याचा धंदा म्हटला, की चढाओढ आलीच. अमेरिका, रशिया, युरोप, चीन, जपान आणि आपण, सारेच या बाजारात आहेत. ही चढाओढ नेहमी सरळ असते असे नाही. एक जुनी हकिगत सांगतो.

जड उपग्रह फार उंच न्यायचा, तर विशेष इंजिन लागते. त्यात अतिशय थंड करून पातळ केलेला प्राणवायू आणि हायड्रोजन वायू जाळतात. हे इंजिन आणि ते तयार करण्याची विद्या रशियाकडून घेण्याचा करार आपण १९९१ साली केला. अमेरिकेने हरकत घेतली. या विद्येतून लढाईची अस्त्रे तयार होतील, असे तिचे म्हणणे होते. १९९२ साली अमेरिकेने आपल्या आणि रशियाच्या संस्थेवर निर्बंध घातले. शेवटी १९९३ साली रशियाने विद्या देण्याचे नाकारले. काही तयार इंजिने तेवढी दिली.

मग आपल्या लोकांनी ते इंजिन स्वतः तयार करायचे ठरवले. वर्षांमागून वर्षे गेली. २०१० साली तर जी. एस. एल. व्ही. हा अग्निबाण एकाच वर्षात दोनदा कोसळला. म्हणूनच हवामानाचा इन्सॅट-३डी उपग्रह थांबवून ठेवणे परवडणारे नव्हते. वादळे काही आपल्यासाठी थांबत नाहीत. आपण युरोपला भाडे दिले. २६ जुलै २०१३ रोजी तो कुरू येथून गेला. त्या अग्निबाणातही तो एकटा नव्हता, युरोपचा एक मोठा उपग्रह सोबतीला होता. पुढे ५ जानेवारी २०१४ रोजी आपले इंजिन यशस्वी झाले. आणि ८ सप्टेंबर २०१६ रोजी त्याच इंजिनाच्या जोरावर इन्सॅट-३डीआर श्रीहरिकोट्याहून वर गेला. सुरुवातीच्या गमतीचे उत्तर मिळाले ना?

आता गोष्टीचा शेवट पाहा. ३० जुलै २०२५ रोजी निसार नावाचा उपग्रह याच जातीच्या अग्निबाणातून गेला. तो भारत आणि अमेरिका यांनी मिळून तयार केला आहे. जमीन किंचित जरी खचली किंवा सरकली, तरी ती मोजण्याची शक्ती त्यात आहे. २०२१ च्या जुलैत महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली, हे आपण विसरलेलो नाही. डोंगराखाली राहणाऱ्यांना अशा मोजणीचे मोल सांगायला नको. ज्या इंजिनाला अमेरिकेने एके काळी हरकत घेतली, त्याच इंजिनाच्या भरवशावर तिने आपले मौल्यवान उपकरण सोपवले. हे कशामुळे झाले? आपण भांडत बसलो म्हणून नव्हे. काम करून दाखवले म्हणून.

वैरी कोण, सोबती कोण?

या धंद्यात आजचा प्रतिस्पर्धी उद्याचा सोबती होतो. वनवेब ही इंग्लंडमधली कंपनी. उपग्रहांतून इंटरनेट पुरवण्यासाठी तिला शेकडो उपग्रह सोडायचे होते. ती रशियाचे अग्निबाण भाड्याने घेई. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केली. संबंध बिघडले. रशियाने नव्या अटी घातल्या आणि कंपनीने त्या मान्य केल्या नाहीत. छत्तीस उपग्रह उडण्याच्या तयारीत होते, ते रशियाच्या ताब्यातल्या तळावर अडकून पडले.

मग कंपनी कोणाकडे गेली? अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीकडे, आणि आपल्याकडे. स्पेसएक्सचा स्वतःचा इंटरनेटचा धंदा आहे, म्हणजे ती वनवेबची प्रतिस्पर्धी! तरी तिने भाडे घेऊन माल नेला. आपण २३ ऑक्टोबर २०२२ आणि २६ मार्च २०२३ रोजी छत्तीस-छत्तीस असे ७२ उपग्रह पोचवले. एका दाराला कुलूप लागले, पण दुसरी दोन दारे उघडी होती म्हणून काम निभावले. गावात एकच टेम्पोवाला असला आणि तो रुसला, तर आंबा कुजतो. चार असले, तर बाजार चालू राहतो.

याच स्पेसएक्सने एक मोठी सुधारणा केली आहे. तिच्या अग्निबाणाचा खालचा भाग काम झाल्यावर परत जमिनीवर उभा उतरतो. २०१५ च्या डिसेंबरात हे प्रथम साधले. २०१७ पासून तोच भाग पुन्हा वापरून माल नेणे सुरू झाले. म्हणजे टेम्पो दरीत ढकलायचा नाही, परत आणायचा! साहजिकच भाडे उतरले आणि इतरांची पंचाईत झाली. आपले लोकही परत उतरणाऱ्या यानाचे प्रयोग करत आहेत.

आपल्याला अजून पुष्कळ करायचे आहे, हे कबूल केले पाहिजे. २०२४ च्या नोव्हेंबरात आपला जीसॅट-२० हा उपग्रह स्पेसएक्सच्या अग्निबाणातून गेला. त्याचे वजन सुमारे ४,७०० किलो होते. तितक्या उंच वाटेवर आपला सर्वांत मोठा अग्निबाण सुमारे चार टनच नेतो. आणि २४ डिसेंबर २०२५ रोजी आपल्या त्याच मोठ्या अग्निबाणाने एका अमेरिकन कंपनीचा सहा टनांहून जड उपग्रह नेला. तो जवळच्या उंचीवर न्यायचा होता, म्हणून जमले. डोक्यावर तेच ओझे घेऊन सपाटीवर चालणे निराळे आणि घाट चढणे निराळे. तेव्हा आपण भाडे देतोही आणि घेतोही. यात कमीपणा नाही.

अपयशही येते. १८ मे २०२५ रोजी आपला भरवशाचा पी. एस. एल. व्ही. वाटेत बिघडला आणि उपग्रह गमावला. हा धंदा विश्वासाचा आहे. गाडी वाटेत बंद पडली, की गिऱ्हाईक दुसरीकडे बघू लागते. दोष लपवण्यापेक्षा तो शोधून दूर करणे, हाच त्यावर उपाय.

आपण काय करायचे?

तुम्ही विचाराल, "हे सारं मोठ्या लोकांचं. आमचं काय?" आपलेही काम आहे, बरे का. उपग्रह वर गेला, त्याने वादळ पाहिले, खात्याने इशारा दिला. पण तो इशारा होडीपर्यंत पोचला पाहिजे, आणि होडीवरच्या माणसाने तो ऐकला पाहिजे. नाही तर इतक्या देशांची मेहनत आणि एवढे भाडे फुकट गेले. होड्यांवर उपग्रहामार्फत निरोप देणारी यंत्रे बसवण्याचे काम ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे, सुरू करण्यात आले. मोबाइलची रेंज नसलेल्या खोल समुद्रातही असे यंत्र निरोप देते. ते बसवून घ्यावे. ते चालू ठेवावे. त्यावरचे अक्षर वाचावे. तुम्ही आता वाचायला शिकलात, त्याचा हाच खरा उपयोग.

यातून एक गोष्ट आम्ही शिकलो. आपली स्वतःची गाडी असावी, म्हणजे कोणी अडवू शकत नाही. आणि चार गाडीवाल्यांशी सलोखा असावा, म्हणजे आपली गाडी बंद पडली तरी माल पडून राहत नाही. चढाओढ करावी, वैर धरू नये. गावाला जे लागू, तेच देशालाही लागू.

आणि बावटा चढला, की होडी लोटू नये.

वाचून झाल्यावर आपसांत बोला
१. आपल्या गावचा माल बाजारात कोण नेतो? गाड्या वाढल्या तेव्हा भाड्यात काय फरक पडला?
२. इन्सॅट-३डी उपग्रहासाठी आपण परक्यांना भाडे का दिले?
३. वादळाचा इशारा तुमच्या घरी कसा पोचतो? तो सर्वांना कळतो काय?